तिरडीवरची एन्ट्री

पिंप्राळा, जळगाव
श्रावण, १९९२

प्रिय अभिमन,

आशीर्वाद शेवटी लिहीन, द्यावासा वाटला तर. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, अक्षराला हसू नको. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं, पण लिहिणाऱ्यानं मधे मधे गोड शब्द घातले असते, आणि मला ते नकोत.

काल झुलालभाऊ आला होता, आपल्या गणपती मंडळाचा. चप्पल पण काढली नाही, दारातूनच म्हणाला, "वहिनी, यंदा जीवरामभाऊंच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला. धुळ्याहून तुमचा अभिमन येतोय. तुम्हाला पुढची खुर्ची, शाल, नारळ." मी विचारलं, गाणार ना तो नुसता? तर म्हणे, "गाणं तर आहेच, पण एन्ट्री तिरडीवरूनच, भाऊंची होती तश्शी. पब्लिकची मागणी शे." पब्लिकची मागणी. नवऱ्याला जाऊन चार महिने झालेत आणि मी मांडीवर नारळ घेऊन पुढच्या खुर्चीतून तिरडी बघायची. त्याच्यासाठी चहा टाकला होता, तो मी मोरीत ओतला.

जाता जाता त्यानं आणखी एक विचारलं. "खरं सांगा वहिनी, दोघांत भारी कोण, भाऊ की अभिमन?" इकडच्या-तिकडच्या पानटपऱ्यांवर हाच वाद चालतो म्हणे, जळगाववाले एका बाजूला, धुळेवाले एका बाजूला. त्याला मी वाटेला लावलं. तुला सांगते, कारण दोघांना जवळून बघितलेली मी एकटीच आहे. एकाचं जेवण वाढलं, एकाचं नाक पुसलं.

आधी तुझ्या दाजींचं. आवाज काही गोड नव्हता. वर गेला की फाटायचा, हे तूच मला पहिल्यांदा सांगितलंस. पोट सुटलेलं, त्यावर चमकीचं जाकीट, डोळ्यांत माझं काजळ. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या गिटारवाल्यानं त्यांना कुठल्याशा इंग्रजी कॅसेटवरचा फोटो दाखवला होता, तोंड रंगवून जीभ बाहेर काढलेला गोरा बाप्या. तेव्हापासून बोर्डावर 'जीवराम रॉक ऑर्केस्ट्रा' आलं आणि माझी काजळाची डबी पुरेना. स्टेजवर हा माणूस एका जागी कधी उभा राहिला नाही. ड्रमवर चढ, खाली उडी मार, माइकच्या वायरीत पाय अडकून पड, आणि पडला तिथूनच गा. पुढच्या रांगेतल्या म्हातारीला विचारायचे, "काय अक्का, कान फुटले का राहिले?" चाळीसगावला स्टेजची फळी मोडून कमरेपर्यंत आत गेले, तसंच उरलेलं गाणं म्हटलं, लोकांना वाटलं हे पण ठरवलेलंच. कार्यक्रम झाला की त्यांचा शर्ट मी पिळायची, बादली अर्धी भरायची.

तिरडीची युक्ती त्यांचीच. दिवे बंद, बर्फाचा धूर, मडकं धरलेला खंजिरीवाला पुढे, आणि चौघं तिरडी खांद्यावर घेऊन येणार. स्टेजच्या मधोमध ठेवायची. बठ्ठं चिडीचूप, नुसता मोठ्या ड्रमचा धप्प, धप्प. मग गिटार किंचाळली की हे चादर फेकून उठायचे, "मी आजून जित्ता शे रे!" आणि पब्लिक वेडं व्हायचं. मला ते मान्य नव्हतं. भरल्या कपाळाची बाई मी, आणि माझा नवरा पोटासाठी रोज तिरडीवर चढणार. भांडले, जेवले नाही, पिशवी भरून दारात उभी राहिले. तेव्हा म्हणाले, "प्रमिला, तू पुढे बस. चादर आखूड ठेवतो. माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघ. तो हलतोय तोवर मी आहे." मग काय, हे तिथे मेलेले असायचे आणि अंगठा ड्रमच्या तालावर हलायचा. पुढच्या पोरांना दिसायचं, पोरं खिदळायची. मला काय त्याचं. अंगठा दिसला की मी शेंगा सोलायला मोकळी.

त्या चौघांत पुढचा उजवा खांदा तुझा होता. किती वर्षं दिलास तो खांदा, आठवतं ना? मग एक दिवस धुळ्याला गेलास, देवपुरात स्वतःचा ग्रुप काढलास, आणि जाताना तिरडी पण उचलून नेलीस. मी तुझ्या नावानं बोटं मोडली. हे मात्र हसले. "नेऊ दे गं. जळगावला एक मेला, धुळ्याला एक मेला, बिघडलं काय?"

आता तुझं. तुला ठाऊक नाही, पण आषाढात मी देवपूरला कमलआत्याकडे आले होते आणि हॉलमध्ये तुझा कार्यक्रम बघितला. नवरा गेलेल्या बाईनं ऑर्केस्ट्राला जाऊ नये, म्हणून मागे बायकांत बसले, पदर नाकापर्यंत ओढून. काळा झगा, तोंडाला पांढरं फासलेलं, शेवग्याच्या शेंगेसारखा सरळ उभा. तुझा हात वर गेला की दिवे निळे, खाली आला की लाल. पाऊल टाकतोस ते सुद्धा जपून, जसं खाली कुणी झोपलंय. लोकांकडे बघतच नाहीस, त्यांच्या डोक्यावरून बघतोस, आणि तरी सगळे तुझ्याचकडे बघतात. आवाज एकदा फाटला नाही. घामसुद्धा आला नाही की रे तुला.

आणि तिरडीवर तू असा निजतोस की माझ्या शेजारची बाई म्हणाली, "माय वं, खरंच गेला का काय हा?" चादर पार टोकापर्यंत. श्वास दिसत नाही. मी तुझ्या पायाकडे बघत बसले होते. काही हललं नाही. तर घे उत्तर. भारी तू. लिहून देते. दाजींना मरायला कधी जमलंच नाही, तुला जमतं. फक्त, तू उठलास की लोक टाळ्या वाजवतात, आणि ते उठायचे तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडायचा. यात मोठं काय ते पानटपरीवाल्यांनी ठरवावं.

चैत्रात ते गेले ते सकाळी दाढी करता करता, अर्ध्या गालाला साबण तसाच. भिकुबाई शेजारची, चांगली बाई, तिनं पायाचे अंगठे बांधायला दोरा घेतला आणि मी तिच्या हातावर चापट मारली. बांधू नका म्हटलं. बायका म्हणाल्या, हिचं डोकं फिरलं. माझं डोकं जागेवर होतं. बांधलेला अंगठा हलणार कसा, एवढंच मला कळत होतं. शेवटी मला दोघींनी धरलं आणि भिकुबाईनं अंगठे बांधलेच. संध्याकाळी गल्लीतून तिरडी निघाली तर कोपऱ्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. वाईट नव्हती रे पोरं. त्यांनी दाजींना तिरडीवर इतक्यांदा बघितलेलं, त्यांना वाटलं आज गल्लीतच कार्यक्रम. एक तर ओरडला, "उठा भाऊ, एन्ट्री घ्या!" कुणीतरी त्याच्या कानाखाली वाजवली तेव्हा त्याला कळलं, आणि मग तोच सगळ्यांत मोठ्यानं रडला.

पुढच्या उजव्या खांद्याला माणूस शोधावा लागला, अभिमन. तुला निरोप सकाळीच गेला होता. धुळ्याहून गाड्या काय कमी आहेत? तू आलास तिसऱ्या दिवशी, राख सावडायला, आणि मान खाली घालून म्हणालास, "अक्का, मांडव घातला होता, लोक येऊन बसले होते." म्हणजे इकडे ते तिरडीवर, आणि त्याच संध्याकाळी तिकडे तू तिरडीवर. तुझ्या तिरडीला चौघं पुरे होते. इथे आम्ही दूधवाल्याला हाक मारली.

आता पत्र कशाला ते सांगते. येऊ नको म्हणून लिहायला बसले होते. ते मी लिहीत नाही. ये. कार्यक्रम कर, तिरडी आण, तोंडाला पांढरं फास. मी पुढच्या खुर्चीत बसेन, ती शाल पण घेईन. पण चादर आखूड ठेव, आणि चादरीखाली डावा अंगठा हलव. लोकांसाठी नाही. दाजींसाठी पण नाही, ते गेले ते मी डोळ्यांनी बघितलंय. त्या हॉलमध्ये तुला तसा पडलेला बघितला ना, तेव्हापासून डोळा लागला की तुझेच पाय दिसतात मला, आणि माहेरचं सख्खं म्हणून आता तू एकटाच उरलायस. तुझ्यावर मी रागावलेली आहे, पुष्कळ वर्षं रागावणार आहे, आणि त्यासाठी तू जित्ता पाहिजेस. एन्ट्री बिघडली तर बिघडू दे, पोरं हसली तर हसू दे. नाही हलवलास तर बठ्ठ्या मंडळासमोर स्टेजवर चढून चादर ओढीन. तुझी अक्का आहे, ओढीन म्हणजे ओढीन.

आशीर्वाद तेव्हाच, अंगठा बघून.

तुझीच,
प्रमिलाअक्का