चार वाजताचं पाणी

२ फेब्रुवारी

माझी ओळ पुसली! 'गाळणी मी धुतली आहे, पुन्हा धुऊ नये' असं पंपघरातल्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं. ती पुसून त्याच जागी मत्स्यराजांचं सुवाच्य अक्षर — 'पंपघरात ओल्या चपला आणू नयेत.' ओल्या चपला! समुद्राकाठच्या पंपघरात!

मत्स्यराजांशी घटस्फोट होऊन वर्ष उलटलं. घर वेगळं, स्वयंपाक वेगळा, चहा वेगळा. पण संशोधन केंद्र एकच, आणि समुद्राचं पाणी खेचणारा पंपही एकच. म्हणून फळा. तोंडाने बोलायचं नाही हे ठरवावंसुद्धा लागलं नाही.

आज संचालकबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. नवा हॉल महिनाअखेर तयार होतोय, चोवीस तारखेला निर्णय. एकालाच मिळेल — त्याच्या मत्स्यपालनाला, नाहीतर माझ्या किनाऱ्यावरच्या प्राण्यांना. दुसऱ्याने काम गुंडाळायचं आणि मुख्य कार्यालयात टेबलाशी बसायचं.

मी टेबलाशी बसणार नाही. त्याला बसवीन.

४ फेब्रुवारी

समुद्रकाकड्यांच्या — माझ्या त्या काकडीसारख्या लांबट, मऊ प्राण्यांच्या — पहिल्या टाकीला गरम पाण्याचा झटका दिला. पाणी थोडं तापवलं की नर-माद्या बीज सोडतात. काही शहाण्यांनी सोडलं. बाकीच्या घाबरल्या आणि पोटातली आतडी बाहेर टाकून मोकळ्या झाल्या! टाकीभर नुसता लगदा. काळजी नाही, दोनेक महिन्यांत नवी आतडी येतात. फार हेवा वाटतो मला या प्राण्याचा.

चार वाजता टाकी रिकामी केली, पाणी समुद्रात सोडलं, हात धुतले, घरी आले. आता रोज एकेका टाकीला असंच करायचं.

५ फेब्रुवारी

मत्स्यराजांची पिल्लं मेली! एक आख्खी टाकी. बोटभर लांबीची, पांढरी पोटं वर करून तरंगत होती. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुपारी हा वादळासारखा माझ्या प्रयोगशाळेत आला. सगळ्यांदेखत — "तू माझ्या टाक्यांना हात लावलास?" वर्षभरातलं पहिलं वाक्य, आणि ते हे! अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "मी तुला पाण्यात पाहते, तुझ्या माशांना नाही." पंपवाला फिसकन हसला. हा लाल होऊन निघून गेला.

राग धरीन, भांडीन, टोमणे मारीन. पण जिवाला हात लावणार नाही, कुणाच्याच. एवढ्या वर्षांत याला एवढंही कळलं नाही!

६ फेब्रुवारी

दुसरी टाकी गेली. त्याच्या दारावरून जाताना मी गुणगुणत होते. मुद्दाम नाही.

८ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. आता कसली नणंद! पण ती काही ऐकायला तयार नाही. "वहिनी, दादा जेवत नाही. मासे मरतायत म्हणे."

म्हटलं, "मासे मेले की तुझा दादा उपास धरतो. बायको आजारी पडली तर दोन पोळ्या जास्त खातो."

तिला हे ठाऊक आहे. मी तापाने फणफणले होते तेव्हा मला डॉक्टरकडे तिनेच नेलं होतं. हा कुठे होता? टाकीपाशी. पिल्लांना बुरशी लागली होती ना! निरोप काय धाडला — "ताप उतरेल तिचा. पिल्लं नाही वाचणार." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या दिवशी लग्न संपलं. वकील नंतर आले.

११ फेब्रुवारी

मरायची थांबली. गेले दोन दिवस एकही नाही. गाळण्या बदलल्या, खाद्य बदललं, आता छाती काढून फिरतोय. संचालकबाई त्याला म्हणाल्या, "सावरलंत हं छान." मला म्हणाल्या, "तुमचं बीज कसंय?"

माझं बीज! सात-आठ टाक्यांमधून एका वाटीत मावेल एवढं. हॉल त्याच्याच घशात जाणार, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी

मी काकड्यांच्या अळ्या मोजत होते तर दारात उभा.

"खारेपणा मोजायचं यंत्र देतेस का जरा?"

"तुझं कुठे गेलं?"

"आहे. पण—"

"मग काय ते फळ्यावर लिही."

हलला नाही. "मला बोलायचं होतं थोडं."

"फळा मोठा आहे."

गेला. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. तसाच हिंडतो चार लोकांत! मला काय त्याचं.

मोजणी चुकली माझी. पहिल्यापासून सगळं पुन्हा.

१८ फेब्रुवारी

पुन्हा मेली!! या वेळी जास्त. आणि हा ओरडला नाही. जाळीने एकेक काढत होता, बादलीत टाकत होता, शेजारून गेले तरी मान वर केली नाही. गाळण्या बदलणं नाही, धावपळ नाही, काही नाही.

याला मी ओळखते. हा गप्प बसला की काहीतरी शिजत असतं.

१९ फेब्रुवारी

आणखी एक टाकी. संचालकबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. हॉल माझा!

२० फेब्रुवारी

भरतीचं कोष्टक समोर उघडं ठेवून लिहितेय.

नणंदेचा फोन होता. रडवेली होऊन जुन्या गोष्टी उगाळत बसली. "तुमच्याकडे राहायला आले की मला वेड लागायचं. चहा पुढे आला की तुमचं सुरू. दादा विचारणार, उद्या पाणी किती वाजता सोडतेस? तू सांगणार, ओहोटी लागली की. नवराबायको आहात की घड्याळं, असं वाटायचं मला!"

मी फोन ठेवून दिला.

काकड्या घाबरल्या की पाण्यात विष सोडतात. माणसाला त्याचं काही नाही, पण माशाचे कल्ले जळतात. विद्यार्थ्यांना शिकवते मी हे! समुद्रात गेलं की विरून जातं असं धरून चालले होते. जातंच — ओहोटी असेल तर. भरती चढत असली तर तेच पाणी किनाऱ्याला दाबून धरलं जातं आणि सरळ पंपाच्या तोंडाशी येतं. म्हणून तो प्रश्न रोज चहाला असायचा. केंद्राच्या नियमांत कुठेही तो नाही. आम्ही एका टेबलाशी बसत होतो, म्हणून चालत होतं. चहा वेगळा झाला आणि मी आपली चार वाजता पाणी सोडून घरी यायला लागले, कारण चारनंतर मला तिथे थांबायचं नसायचं. इतके दिवस निभावलं, कारण काकड्यांना झटके पुन्हा याच महिन्यात सुरू केले.

भरतीचं कोष्टक काढून बघितलं. मेली त्या प्रत्येक दिवसाच्या आदल्या दुपारी चारला भरती. मधल्या आठवड्यात चारला ओहोटी, तेव्हा एकही नाही. कुठे फट शोधत होते, सापडली नाही.

जिवाला हात लावणार नाही म्हणे! मोठी आली!

उद्या सांगते त्याला.

२१ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

पाणी मात्र सकाळीच सोडलं, ओहोटी बघून. कुणी विचारलं नाही. आज सोडल्याने एकही मरणार नाही. म्हणजे झालंच की! सांगून त्याची मेलेली परत येणार आहेत का? सांगितलं की हॉल त्याला, टेबल मला. ज्याने मला तापात टाकलं त्याला मी माझ्या हाताने हॉल देऊ?

२२ फेब्रुवारी

एकही मेलं नाही. पंपघरात समोरासमोर आलो. मी फळ्याकडे बघत होते, तो माझ्याकडे. फळा कोरा होता.

२३ फेब्रुवारी

संचालकबाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं. "तुम्ही त्यांना इतकी वर्षं बघताय. खरं सांगा, चूक कुठे होतेय त्यांची?"

"निगा," मी म्हणाले.

एकच शब्द. किती सहज निघाला तोंडातून! त्यांनी मान डोलावली. बहुतेक ठरलं त्यांचं.

घरी येऊन आंघोळ केली. सकाळी केली होती, तरी.

२४ फेब्रुवारी

सकाळी पंपघरात गाठलं त्याला आणि सांगून टाकलं. चार वाजताचं पाणी, भरती, सगळं. 'निगा'सुद्धा.

म्हणाला, "माहीत आहे. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं. पंधराला तेच सांगायला आलो होतो."

"मग फळ्यावर का नाही लिहिलंस?"

"फळ्यावर नव्हतं लिहायचं."

"अरे, चार वाजता पंप तरी बंद ठेवायचा होतास! एक बटण!"

खाली बघत म्हणाला, "मरायला लागली की तू येशील बोलायला, असं वाटलं. एकवीसला तू वेळ बदललीस. तेव्हा वाटलं, आज येणार. रोज वाट बघितली."

ज्या पिल्लांपुढे माझा ताप काही नव्हता, ती याने मरू दिली — मी चार शब्द बोलावेत म्हणून! आणि मी मूग गिळून बसले, हॉल मिळावा म्हणून.

तिथून तडक संचालकबाईंकडे गेले. म्हटलं, हॉल आम्हां दोघांनाही देऊ नका. "का?" म्हणाल्या. खुर्ची ओढून बसले आणि का ते सांगितलं.