हँडब्रेक

मयूर विहार, दिल्ली

ती. आईस, स्वरूपाचा नमस्कार.

फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता, म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहितेय. मी ठीक आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

इथे सोसायटीत जागा कमी, त्यामुळे गाड्या एकीमागे एक लावतात. मागची गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची, हँडब्रेक लावायचा नाही. म्हणजे पुढच्याला निघायचं असलं की तो ती ढकलून वाट करून घेतो. खालच्या मजल्यावरच्या माथुर अंकलनी मला हे पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

मागच्या मंगळवारी नोएडाहून दमून आले आणि हँडब्रेक ओढला. आपल्या घरासमोरच्या उतारावर लागलेली सवय. पहाटे माथुर आंटींच्या छातीत दुखायला लागलं. त्यांच्या गाडीमागे माझी उभी होती, हलेचना. मला उठवून गाडी काढेपर्यंत दहा मिनिटं गेली. आंटी हॉस्पिटलला पोचण्याआधीच गेल्या.

"बेटा, दस मिनट से कुछ नहीं होता," अंकल म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणाले. मी मान हलवली.

आज ऑफिसला निघाले तर माझ्या गाडीमागे अंकलची गाडी होती. मी हात लावला आणि ती सरकली. त्यांनी अजूनही ती माझ्यासाठी न्यूट्रलमध्येच सोडली होती. मी तिथेच उभी राहिले, ऑफिसला गेले नाही.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. "आधी हँडब्रेक, मग दार," हे मला त्यांनीच शिकवलंय.

तुझी,
स्वरूपा