सहा फणसांची संमती

देवरूख,
१० मार्च २०२५

चि. तेजल हिला आबाकाकाचे अनेक आशीर्वाद.

प्रकृती बरी. खोकला आहे, पण तो जुना सोबती. काजू यंदा उशिरा मोहरला. तुझी लेक मनस्वी कविता पाठ करते म्हणालीस. तिला चालीत म्हणायला लाव. शब्द विसरतात, चाल विसरत नाही.

आपली सड्याच्या कातळपठाराखालची जागा ओमकारला पर्यटकांच्या खोल्यांसाठी भाड्याने दिली, तेव्हा तू करारात घातलेल्या अटी मी वर्गात धडा वाचावा तशा मोठ्याने वाचल्या होत्या. बोअरवेल नको. गवत पेटवायचं नाही. छपरावर सौर पॅनेल हवेत. उभं झाड तोडायचं तर मालकांची लेखी संमती. वकिली कागदात झाडं आली, याचंच मला केवढं अप्रूप!

मंगळवारी त्याने तिथल्या सहा फणसांतली दोन झाडं पाडली. का, तर पॅनेलवर सावली पडते. "काका, सोलर तुमच्याच करारात आहे ना?" वर हसला. बुंध्यातून चीक गळतोय, कोवळे फणस धुळीत तुडवलेले, आणि शेजारीच हा गृहस्थ पाटी रंगवून घेतोय, 'निसर्गाच्या कुशीत'. शिसारी आली मला. स्वयंपाकाला येणारी सगुणा म्हणाली, "गुरुजी, फणस तर गेले. आता भाजी काय कराराची करू?"

परवा फोनवर तू विचारलंस, "ओमकार दाखवतोय त्या संमतीवरची तुमची सही खोटीच असणार ना, काका? नोटिशीत तसं लिहिते." मी खोकत राहिलो. तू म्हणालीस, "पाणी प्या, मग बोलू."

सही माझी आहे, बाळ.

गेल्या महिन्यात तो ओटीवर बसला आणि पाचवीच्या पुस्तकातली नदीची कविता अख्खी म्हणाला. चालीसकट! पुढचं कडवं मी उचललं. मग चहा झाला, मग कागद निघाला. 'सहा फणस' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं. पण इतकी गोड कविता म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? तुझ्या बाबांनी लावलेली झाडं, आणि मी चालीवर विकलो गेलो. त्याच्याहून माझीच किळस येते.

संमतीवर आपल्या दोघांच्याही सह्या हव्यात, ही अट तू घातलीस तेव्हा मी रुसलो होतो. "काकावर भरवसा नाही?" नव्हता तेच बरं झालं. उरलेले चार त्या अटीवरच वाचतील.

करवतवाले शिमग्याला गावी गेलेत, आठवड्याने परततील. त्याआधी नोटीस पाठव. खोट्या सहीचं वाक्य काढ. लिही, की एका मालकाने शुद्धीत, पूर्ण वाचून, दुसरीला न विचारता सही केली. कोर्टात उभं राहून मीही तेच सांगेन. तिथे माझे विद्यार्थी असतील. असू देत.

वाचून सही करणारा,
तुझा आबाकाका