तटाबाहेरची नऊ म्हातारी

१२ एप्रिल १९९८, रविवार
केशवकाकांना माझ्याकडून एक पान लिहून हवंय. बारामतीतल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात रविवारी पोरांना एक गेम फुकट खेळू देतात — गाव वसवायचं, पीक घ्यायचं, शत्रू आला की लढायचं. एका पालकाची तक्रार आली, पोरं मारामाऱ्या शिकतायत म्हणून. काका म्हणाले, "तू शिकलेली, लिहिणारी. खेळून बघ. तू नको म्हणालीस तर रविवार बंद." वर हेही — "कळंल असं लिही. तुझ्या गोष्टींसारखं नको."
त्यांना 'चालेल' हेच हवंय. तिथंच मला संशय आला.

१५ एप्रिल
तीन दिवस खेळतेय. मान धरली.
गेम लबाड आहे. दोन वर्षं गोड — शेतं, मेंढरं, विहीर. तिसऱ्या वर्षी दुष्काळ पाडतो आणि त्यातच शत्रू पाठवतो. मुद्दाम. हरले. परत हरले.

१९ एप्रिल, रविवार
पोरांवर नजर ठेवली. नागेशनं नुसते घोडेस्वार केले, सगळे मेले, तो हसला, परत सुरू.
कन्हेरीची नकोशी, बारा वर्षांची — ही वेगळीच. एक तलवार करत नाही. दुष्काळ लागायच्या आत अख्खं गाव उठवलं, मेंढरं पुढं घातली, नदीकाठानं नकाशाच्या पार टोकाला गेली. शत्रूनं रिकामं गाव घेतलं. हरलात, असं स्क्रीनवर आलं.
"गाव का सोडलंस?"
"चारा न्हाय तितं कशाला थांबायचं? आमचं आबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात जायाचं. पावसाला परत."
"पण हरलीस ना."
"त्यो म्हणतोय."
कोपऱ्यात आकडा होता. माणसं चाळीस. सुरुवातीलाही चाळीसच.
हिला काकांनीच पढवलं असणार.

२२ एप्रिल
जिंकले. एकदाची!
धान्य एकतीस जणांनाच पुरत होतं. नऊ म्हातारी माणसं गावाच्या तटाबाहेर काढली, दार लावून घेतलं, हल्ला परतवला. हल्ल्याआधीचा डाव सेव्ह करून ठेवलाय, काकांना दाखवायला.
मत पक्कं. गेम क्रूर आहे, मुलांना नको. पान लिहून झालं — विरामचिन्हांसकट.

२६ एप्रिल, रविवार
पान पर्समध्ये घेऊन गेले. काका बाहेर गेले होते. नकोशीनं माझाच डाव उघडला. बराच वेळ बघत बसली.
"ताई, ही म्हातारी भाईर का हायती?"
"धान्य पुरत नव्हतं."
"गेमनं सांगितलं व्हय, भाईर काढा म्हणून?"
नव्हतं सांगितलं.
"मग तुमी जिंकला कशा?"
नागेश फिदीफिदी हसला. ती नाही हसली. तिनं दार उघडलं, त्या नऊ जणांना मेंढरांच्या मागं लावलं आणि सगळ्यांना घेऊन नदीकाठानं निघाली.
हरली. चाळीस.
पान पर्समध्येच राहिलं.

२७ एप्रिल
पहिलं पान फाडलं. काकांना दुसरं दिलं, दोन ओळींचं —
मुलांना चालेल. मोठी माणसं खेळत असतील तर शेजारी एखादं मूल बसवावं.