मूळ प्रतीबरहुकूम

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद,

फोन असताना पत्रं का मागतोस, ते आता कळलं. तिथं मराठी वाचायला दुसरं काही नसावं. तर वाच.

तुमच्या तीन देशांच्या क्षय-संशोधनासाठी आमच्या केंद्रातून दर पंधरवड्याला नमुने निघतात ना, त्यातल्या डब्या हल्ली उघडून बघते तर आत नुसतं पाणी. फेसाळ, पातळ, तोंडातलं. दहा वर्षं हे काम करतेय, क्षयाचा खोकला मला लांबून ओळखू येतो, आणि तपासणीत मात्र सगळे निर्दोष. शेवटी तुमचं सूचनापत्रक नीट वाचलं. त्यात लिहिलंय, या डबीत आपली थुंकी द्यावी. माणसं सरळ, थुंकून जातात. शहाण्या, छातीतून खोकून काढतात त्याला बेडका म्हणतात. हे भाषांतर कुणा दिवट्यानं केलं ते कळव. आम्हाला पत्रकाबाहेर एक अक्षर बोलायची बंदी आहे, तिन्ही देशांत सूचना सारख्याच हव्यात म्हणे.

खरी काळजी अप्पांची आहे. दोन महिने खोकतायत, शर्ट खांद्यावरून उतरायला लागलाय. जानेवारीत त्यांनीही डबी दिली, तीही निर्दोष आली. घरच्यांचा नमुना आपण घ्यायचा नाही असा नियम, म्हणून मी खोलीबाहेर होते. घरी सांगितलं की खोलवरून खोकून द्या, तर म्हणाले की पत्रकात तसं नाही. मुलाच्या प्रयोगशाळेचं पत्रक म्हणून ते रांगेत मोठ्यानं वाचून दाखवत होते. सारा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला, मक्षिकास्थाने मक्षिका. माझं ऐकत नाहीत, तू लिही.

तुझी ताई

ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तो दिवटा मीच.

पत्रक ठरवायच्या बैठकीत तिन्ही देशांचे लोक टेबलाभोवती बसले होते. प्रत्येकानं आपापल्या भाषेतली सूचना मोठ्यानं वाचायची होती. माझ्या कागदावर आधी बेडकाच होता. पण आयत्या वेळी लाज वाटली. तिथं कुणालाही मराठी कळत नव्हतं, तरी वाटली. मी तो खोडून थुंकी लिहिलं आणि सभ्य माणसासारखा खाली बसलो. इथल्या नऊ वर्षांत तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता, हेही खरं.

दुरुस्तीचा अर्ज तुझं पत्र आलं त्याच दिवशी दिला. तीन देशांच्या तीन समित्या तो मंजूर करणार, म्हणजे दोन महिने गेले. तोवर जुनंच पत्रक चालणार.

इथलं काय सांगू. दोन दारांआडच्या खोलीत दिवसभर मी, मास्क आणि हवा ओढणाऱ्या यंत्राची घरघर. कामातली सोबतीण काचेपलीकडून हातानं खुणा करते. रविवारी दुपारी मी राहत्या खोलीत मोठ्यानं मराठी बोलून बघतो. शेजाऱ्याला वाटतं मी फोनवर आहे. मीही तो समज मोडत नाही.

सोबत अप्पांना चिठ्ठी आहे. ती आधी त्यांच्या हातात दे, चहा नंतर.

तुझा धाकटा

ता. ८ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. विशेष,

चिठ्ठी मिळाली. ताई महिनाभर हेच सांगत होती. पण ती पडली वाचक, आणि मजकुरात बदल लेखकानंच करायचा असतो. लेखकाची सही आल्यावर माझं काही म्हणणं नाही. आज सकाळी उठल्याबरोबर खिडकीशी उभं राहून अगदी बुडापासून काढला. जरा लालसर होता. ताईला दाखवला नाही, बंद डबी केंद्रात दिली.

तुझ्या पत्रकात चौथ्या ओळीत तपासणीचा णी ऱ्हस्व पडलाय. एवढं शिकवून काय उपयोग.

ताई दिवसभर कामावर. दुपार फार लांब होते. तुझं पत्रक उशाशी आहे, पाठ झालं आता. तब्येतीला जप. येणार असशील तर आधी कळव, दाढी करून ठेवीन.

अप्पा

ता. ४ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद,

फोनवर तू रडलास आणि मी फोन ठेवून दिला. रागावले होते म्हणून. अजून आहे. तुला तिसऱ्या दिवशीचं तिकीट मिळत होतं, तेव्हा मीच नको म्हटलं, कारण तोवर इथं निरोप द्यायला कुणी उरलं नसतं.

अप्पांच्या आठ मार्चच्या नमुन्यात जंतूच जंतू दिसले. सूक्ष्मदर्शकाखालची काच मी पाहिली नाही, माझ्या सहकाऱ्यानं पाहिली आणि तो खुर्चीवरून उठून बाहेर गेला, त्यावरूनच मला कळलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या, पण लागू पडेनात. अठ्ठावीस तारखेला सकाळी रक्ताची उलटी झाली, आणि तासाभरात संपलं. मी मास्क लावून हात धरला होता. शेवटी त्यांनी माझा चेहराही पाहिला नाही.

जानेवारीत सापडलं असतं तर वाचले असते का, हे डॉक्टरांना विचारायला गेले आणि न विचारता परत आले. आता तूच सांग. तुला कळत असेल तर खरं सांग.

ताई

ता. १७ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

खरं सांगतो. बहुधा वाचले असते.

तुमच्या केंद्रातून मार्चमध्ये निघालेल्या पेटीत एकेचाळीस नमुने होते. नळ्यांवर फक्त क्रमांक, कोणाची कुठली ते मला कळू नये अशी सगळी व्यवस्था. पण चाळीस जणांनी माझं पत्रक पाळलं होतं. त्यांच्या नळ्यांत अजून काही उगवलेलं नाही. एकाच नळीत चौदा एप्रिलला पिवळसर कण दिसले, रव्यासारखे. मला क्रमांक बघावा लागला नाही.

त्या जंतूंवर मुख्य दोन औषधं चालत नाहीत. जानेवारीत बेडका मिळाला असता तर फेब्रुवारीअखेर मी हे कळवलं असतं, दुसरी औषधं मिळाली असती. म्हणून आधी हे कर. उद्या सकाळी तू स्वतः तपासून घे, खोलवरून खोकून. जंतू निघाले तर नेहमीच्या गोळ्या घेऊ नकोस, सोबतचा अहवाल दाखव. उरलेल्या चाळिसांना परत बोलाव. पत्रक मंजूर झालं नसलं तरी बोलाव, बोल माझ्यावर येऊ दे.

अप्पांना जाऊन सतरा दिवस झाले होते ताई, आणि त्यांच्या छातीतलं माझ्यासमोर जिवंत होतं, वाढत होतं. त्यांच्याच जिवावर उठलेलं, पण त्यांच्या आतून आलेलं. इथं कुणाला सांगू. सोबतिणीनं काचेपलीकडून अंगठा दाखवला, चांगलं उगवलं म्हणून. मीही दाखवला.

काम झालं की नळ्या वाफेच्या भांड्यात घालून जंतू मारतात. ते काम माझ्याकडे नसतं. आज मागून घेतलं. आत ठेवण्याआधी ती नळी हातमोज्यात धरून उभा राहिलो, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मोठ्यानं मराठीत हाक मारली. मग झाकण लावलं.

रागाचं काय करायचं ते तू ठरव. पण पत्र थांबवू नकोस.

तुझा धाकटा