चांगला होता तो दात

आई, परवा माझी दाढ वाचली. दाढ वाचते, हेच मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आपल्याकडे दाताच्या दोनच तऱ्हा, दुखतोय नाहीतर काढलाय. डॉक्टरीणबाई रूट कॅनॉल करत होत्या, मी खुर्चीत आ वासून पडले होते आणि मला तू दिसत होतीस, गावच्या शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर बसलेली. दातांचं शिबिर आलंय. तू वेचणी सोडून आलीयस, लुगड्याला कापूस चिकटलाय. किडलेली दाढ डॉक्टर काढतात, तशी तू शेजारच्या दातावर बोट ठेवतेस. "हा बी काढून टाका जी." डॉक्टर तरुण आहेत, गोंधळतात. "अहो, हा चांगला आहे. थोडीशी कीड आहे, भरला की वाचेल. वर्ध्याला या." तू उलट त्यांनाच समजावतेस. "आज चांगला हाये. उद्या दुखला तं तुमी कुठी अन् मी कुठी? वेचनी सोडून वर्ध्याले कोन येते?" रांगेतल्या बाया माना डोलावतात. डॉक्टर नाही-नाही म्हणतात, तू काही उठत नाहीस. शेवटी तो दातही निघतो.

पुढच्या शिबिरांतही तू हेच केलंस. चाळिशीतच भाकर वरणात चुरून खायला लागलीस. आम्ही फुटाणे कुडुमकुडुम चावायचो आणि तू तुझा वाटा खलबत्त्यात कुटायचीस. "माहे दात आता याच्यात हायेत, कोनी हात लावू नका," म्हणायचीस आणि पदर तोंडावर धरून हसायचीस. पाहुण्यांना वाटे, बाई लाजरी आहे. लाजरी कसली! वेचणीला सगळ्यांत मोठा आवाज तुझाच. त्या कुटात गूळ घालून तू माझ्या तळहातावर ठेवायचीस, ती चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. राग येतो मला, पण तुझा नाही. दात रोज दुखायचे आणि डॉक्टर आला तर वर्षातून एकदा, याचा येतो.

परवा काम झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कॅप बसवायला अजून दोनदा यावं लागेल. जमेल ना?" मी आता वर्ध्यातच राहते, दवाखाना पुढच्याच चौकात आहे. "जमेल," म्हटलं आणि जिना उतरताना मला रडूच फुटलं. डोळे बघून घरच्यांनी विचारलं, तेव्हा फार दुखलं म्हणून सांगितलं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तुला खरं ते लिहिते. आई, अजिबात दुखलं नाही गं.