बोअरचे पहिले पाणी

मी, रेश्मा अजिनाथ वाळुंज, वय २८, राहणार वाळुंज वस्ती, देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, आधी एक चूक दुरुस्त करते आणि मग मृत्युपत्र लिहिते.

मागच्या वर्षीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की, माझ्या नावावरच्या बारा गुंठ्यांतील बोअरमध्ये शिसे आहे आणि ते माझे चुलते पुंजाराम यांच्या जुन्या बॅटऱ्यांतून उतरले आहे. बोअर पिण्यासाठी कायमचा बंद ठेवावा आणि काकांनी त्या रानात पाऊल टाकू नये, असेही लिहिले होते. हे दोन्ही चुकीचे होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

माझी बुद्धी शाबूत आहे, प्रकृती बरी आहे, कोणाची बळजबरी नाही. नगर-मनमाड रस्त्याने रोज स्कूटीवर कामाला जाते, एवढ्याच काळजीने लिहिते. माझी आत्या मुक्ताबाई आत्ता शेंगा फोडत म्हणाली, "आगं, लगीन न्हाई, लेकरू न्हाई, आन् मृत्युपत्र दुसऱ्यांदा?"

१. चूक कशी झाली, ते लिहून ठेवणे भाग आहे. मी नगरच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुने घेण्याचे काम करते. 'पाच मिनिटे पाणी वाहू द्यावे, मग बाटली भरावी' ही सूचना मी लोकांना रोज वाचून दाखवते. आमच्याच बोअरला मात्र मी पहाटेचे पहिले पाणी भरले. शाळेत जाण्याआधी आत्यानेच मला अंगणात राखेवर अक्षरे शिकवली, आणि त्याच वयात हेही शिकवले की, रात्रभर शांत राहिलेले पहिले पाणी देवाचे, त्याला कोणाचा हात लागलेला नसतो. सगळ्यात शुद्ध नमुना तोच, असे मला वाटले. खरे तर ते पाणी रात्रभर पितळी तोटीत साचलेले होते. शिसे लिटरमागे ०.०८६ मिलिग्रॅम निघाले. मर्यादा ०.०१ आहे.

२. ती तोटी मीच आणली होती, माझ्या पहिल्या पगारातून. स्वस्त पितळेत शिसे मिसळलेले असू शकते, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

३. मी तो अहवालाचा कागद वस्तीसमोर वाचला आणि बोअरशेजारच्या काकांच्या शेडकडे बोट दाखवले. ते मोटारी आणि बॅटऱ्या दुरुस्त करतात. त्यांनी भांडण केले नाही. दुसऱ्या दिवशी सगळे सामान टेम्पोत भरले आणि एवढेच म्हणाले, "कागद तुझा, आक्शर तुझं. आमच्याकडं काय हाय, पाने आन् पक्कड." तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. बॅटऱ्या उघड्या मातीवर ठेवू नयेत, हे माझे मत आजही आहे. पण आमच्या पाण्यात त्यांचे शिसे नव्हते.

४. बोअर जनावरांसाठी आणि घासासाठी चालूच राहिला. वस्तीची चौदा घरे मात्र वर्षभर पाटापलीकडून हंडे आणतात. शेजारच्या कलाबाई मला पाहून म्हणतात, "आली शिसेबाई! आज काय बंद करती?" हे मी ऐकून घेते.

५. सगळ्यात वाईट हे, की नेमके धोक्याचे तेवढे पाणी आमच्या घरात येत राहिले. आत्या म्हणायची, "मानसांसाठी बंद केलाय, देवासाठी कुटं?" ती पहाटे तोटीखाली तांब्या भरायची. पूजेनंतर उरलेले पेलाभर पाणी माझ्या भावाची, गोरक्षची, चार वर्षांची मुलगी स्नेहल प्यायची, म्हणजे पोर हुशार होते, असा आत्याचा समज. लहान मुलाच्या मेंदूचे शिसे नेमके उलटे करते. गेल्या डिसेंबरात मोटार चालू असताना मी दुपारी सहज नमुना भरला. शिसे ०.००२. पुन्हा पहाटेचा भरला, पुन्हा तेच जुने जास्त प्रमाण. त्याच दिवशी स्नेहलचा पेला थांबवला आणि तिला नगरला नेले. रक्तात शिसे थोडे वाढलेले निघाले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, आता ते उतरत जाईल, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आत्याचेही रक्त तपासले, ते ठीक आहे.

आत्याला मी दोन्ही अहवाल वाचून दाखवले. ती उठून तोटीपाशी गेली. मग म्हणाली, "तुझ्या पयल्या पगाराची म्हनून मी तिला चिंच लावून चमकवत हुते. काढ ती." स्टीलची तोटी बसवली. पहाटेच्या पहिल्या पाण्याचा नवा अहवाल आज आला: ०.००३. तरीही आत्या आधी बादलीभर पाणी झाडांना सोडते आणि मगच देवाचा तांब्या भरते. म्हणते, "देवाला बी ताजं चालतं."

६. माझ्या पश्चात बारा गुंठे आणि बोअर गोरक्षकडे जावेत. अट एकच: चौदा घरांचे पाणी कोणत्याही भांडणात तोडू नये, माझ्यासारख्या शहाण्याने कागद दाखवला तरी. आधी दुसऱ्याकडून तपासून घ्यावे.

७. बँकेतील शिल्लक स्नेहलच्या तपासण्यांसाठी आणि वर्षातून दोनदा बोअरच्या नमुन्यासाठी वापरावी. स्कूटी गोरक्षच्या बायकोला, माधुरीला. ती चालवायला शिकत नाही, आता तरी शिकावे.

८. पुंजाराम काकांना या कागदाने काहीही मिळत नाही. मी त्यांचे जे नाव घालवले, तेवढे परत जाते. त्यामुळे ते साक्षीदार होऊ शकतात. त्यांनी नकार दिला, तर तो त्यांचा हक्क आहे. मी दुसरा साक्षीदार शोधेन, पण वाचून त्यांनाच दाखवेन.

साक्षीदार १: कलाबाई रंगनाथ वाळुंज (तयार आहेत, "सही करीन, पन आधी हंडा भरून दे" असे म्हणाल्या)
साक्षीदार २: पुंजाराम वाळुंज (अजून विचारलेले नाही)

स्थळ: वाळुंज वस्ती, देवळाली प्रवरा
लिहिले: गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

सही आज करत नाही. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत ती व्हावी लागते, आणि एवढ्या तीन दिवसांत मला धीरही गोळा करायचा आहे. काकांच्या दारात, सगळ्या वस्तीला बोलावून, हा कागद पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून मी सही करीन: रविवार, ८ फेब्रुवारी २०२६, सकाळी आठ वाजता.